पूर्णिमाबाईची टाच

आजारपणातसुद्धा मानपान असतो बघा. एखाद्याला हार्टचं काही निघालं की घरदार गोळा होतं. शुगर निघाली तर निदान लग्नाच्या पंगतीत चार माणसं विचारपूस करतात. टाचेला कोण विचारतं? टाच दुखते म्हटलं की समोरचा म्हणतो, तेल लावा, आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. पूर्णिमा गजभियेचं तेच झालं. टाच दुखायला लागून वर्ष सरत आलं, तरी त्या दुखण्याला दुखणं म्हणायला कुणी तयार नव्हतं. सगळ्यात आधी ती स्वतःच नव्हती.

पूर्णिमा रायपूरच्या पंडरी बाजारात, पहिल्या मजल्यावरच्या एका साड्यांच्या दुकानात उभी राहते. 'काम करते' असं म्हणायला हवं खरं, पण त्या दुकानात उभं राहणं हेच निम्मं काम आहे. बाई पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, आवाज खणखणीत. साडीचं एक टोक धरून असा झटका देते की अख्खा पदर गिऱ्हाइकापुढे जाऊन उलगडतो, आणि एवढी उलगडलेली साडी नको म्हणायला माणूस जरा लाजतो. दुर्ग, राजनांदगावकडची मराठी माणसं लग्नाचा बस्ता काढायला आली की दारातूनच विचारतात, मौसी आहे का? मौसी जेवायला गेली असेल तर बसून राहतात, पण दुसऱ्या कुणाच्या हातून शालू बघत नाहीत.

मूळची ती भंडाऱ्याकडची. लग्न होऊन रायपूरला आली, नवरा गुलाबराव रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर. पोरगा प्रशिक लहान होता तेव्हा ती घरी बसून साड्यांना फॉल लावायची आणि तयार साड्या भार्गव शेठच्या दुकानात नेऊन द्यायची. एकदा अशीच गाठोडं घेऊन आली तर नागपूरकडचं एक कुटुंब रुसून उठायच्या बेतात होतं. सेल्समन त्यांच्यापुढे बनारसीचा ढीग घालत होता आणि नवरीच्या आजीला हवं होतं नऊवार. पूर्णिमानं गाठोडं खाली ठेवलं, चप्पल काढली आणि कुणाला न विचारता गादीवर चढली. आजीबाईंना काय हवंय ते तिनं असं काही समजून घेतलं की त्या घरानं नऊवारासकट सगळा बस्ता तिथंच काढला. भार्गव शेठ गल्ल्यावरून बघत होते. संध्याकाळी एवढंच म्हणाले, उद्यापासून इथंच बसत जा.

आता ही गादी काय ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. जुन्या दुकानात भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड गादी होती, वर पांढरीशुभ्र चादर, कडेला लोड. चपला-बूट दारात. शेठ स्वतः काढायचे. गिऱ्हाईक साहेबाची बायको असो की अभनपूरहून आलेली शेतकरीण, सगळ्यांचे पाय उघडे आणि सगळे एकाच चादरीवर मांडी घालून. पूर्णिमाला त्या गादीचं फार अप्रूप होतं. तिच्यावर बसलं की कोण मोठं, कोण लहान, काही कळायचं नाही.

भार्गव शेठ वारले आणि दुकान त्यांच्या मुलाकडे, अनिमेषकडे आलं. पोरगा वाईट नाही हो. बाहेर शिकून आला होता, डोक्यात नव्या कल्पना होत्या, मौसी-मौसी करून बोलायचा. त्यानं गादी काढली. काचेचे काउंटर आले, एसी आला, खाली काळाकुळकुळीत ग्रॅनाइट बसला. गिऱ्हाइकांना बूट काढायचा ताप नको म्हणून ते आता बुटासकट आत. अनिमेषच्या पायातही पांढरे स्पोर्ट शूज. स्टाफला स्टूलही नाही, कारण बसलेली माणसं आळशी दिसतात म्हणे. आणि चपला? स्टाफनं मात्र चपला खाली, जिन्याच्या तोंडाशी, रॅकमध्येच काढून यायचं. ही आपल्या दुकानाची परंपरा आहे, लक्ष्मीचं ठिकाण आहे, असं अनिमेष सांगायचा. आता लक्ष्मीला गिऱ्हाइकाचे बूट चालतात, मालकाचे चालतात आणि फक्त पगारी माणसाची चप्पल चालत नाही, हे कुठल्या पोथीत लिहिलंय, ते विचारायची कुणाची टाप नव्हती.

दिवसभर अनवाणी, त्या दगडावर. वर एसीचा गारठा. पूर्णिमाची उजवी टाच बोलायला लागली ती त्यानंतर.

सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ. भिंत धरून चार पावलं टाकली की जरा बरं. दुपारी पुन्हा सुरू. संध्याकाळी घरी येताना ई-रिक्शातून उतरायचं तिच्या जिवावर यायचं. पण दुकानात चेहऱ्यावर रेषसुद्धा नाही. कारण दुकानात एक मागची खोली होती. तिथं साड्यांना टॅग लावायचे, पार्सलं बांधायची. काउंटरवरच्या कमलाबाईचा गुडघा धरला तेव्हा तिला आरामासाठी म्हणून त्या खोलीत बसवलं, ती आजतागायत पुढे आलेली नाही. खोलीला खिडकी नाही आणि तिथं गिऱ्हाईक फिरकत नाही. पूर्णिमाला टाचेपेक्षा त्या खोलीची धास्ती जास्त होती. ज्या बाईनं आयुष्यात सगळं माणसांशी बोलून मिळवलं, तिला टॅगाशी काय बोलायचं?

म्हणून तिनं सगळं गुपचूप केलं. आधी सासूच्या वेळचा उपाय. वीट तापवायची, वर रुईचं पान ठेवायचं आणि त्यावर टाच दाबून धरायची. शेकानं घटकाभर बरं वाटायचं, मग एकदा वीट जास्त तापली आणि कातडी भाजून निघाली. मग कुणीतरी अभनपूरचा मालिशवाला सांगितला. त्यानं टाच हातात घेतली, आत गाठ आहे, फोडतो म्हणाला आणि अंगठा असा रोवला की पूर्णिमानं तिथल्या तिथं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. घरी गुलाबरावांच्या खांद्याला धरून आली. नंतर आठवडाभर तिला पाऊल टेकवणं मुश्कील झालं. दुकानात पोट बिघडल्याचं कळवलं. पोट बिघडलं तर चालतं, पाय बिघडलेला चालत नाही.

शेवटी एक्स-रे झाला. टाचेचं हाड वाढलंय असा शिक्का बसला आणि गुलाबरावांचं धाबं दणाणलं. प्रशिक 'नवा रायपूर'ला, शहराबाहेरच्या नव्या वस्तीत, एका ऑफिसात आहे, त्यानं फोनवर हिंदीतून निकाल देऊन टाकला : मम्मी, नौकरी छोड़ दो. गुलाबराव म्हणाले, पोरगा बरोबर बोलून राहिला, माझं पेन्शन आहे, आता घरी बस. त्या रात्रीच्या भाजीत मीठ नव्हतं, आणि ते विसरून राहिलेलं नव्हतं.

हाडवाल्या डॉक्टरनं फिजिओथेरपीला पाठवलं म्हणून ती यामिनीकडे गेली. यामिनी साताऱ्याची, नवऱ्याच्या बदलीबरोबर रायपूरला आलेली तरुण पोरगी. पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची, पूर्णिमाला ऐकायला मजा वाटायची. तिनं तळपाय हातात घेतला, सगळीकडून चाचपला आणि टाचेच्या आतल्या कडेला एका जागी अंगठा ठेवला. जोर न लावता. पूर्णिमा अर्धी उठून बसली.

यामिनीनं समजावलं ते असं : वाढलेलं हाड कितीतरी माणसांना असतं आणि त्यातल्या निम्म्यांना ते ठाऊकही नसतं. यामिनीचा रोख हाडावर नव्हता. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो ताणून ताणून टाचेपाशी उसवायला लागलाय. रात्रभर तो आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला खेचला जातो, म्हणून ती कळ. पोटरीसुद्धा दगडासारखी झालीये, ती वरून टाचेला ओढते. ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. पण विटा, पानं आणि अभनपूर सगळं बंद.

"मालिश म्हणजे मारामारी नव्हे, काकू," ती म्हणाली आणि करून दाखवलं. थोडंसं तेल. अंगठा टाचेकडून बोटांकडे, सावकाश, एका रेषेत, दुखेल पण सोसेल इतकाच दाब. मग पोटरी, खालून वर. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधीच पायाची बोटं हातानं आपल्याकडे ओढून धरायची. भिंतीला हात टेकून एक पाय मागे ठेवायचा, टाच उचलू न देता पोटरी ताणायची. बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली लाटण्यासारखी फिरवायची. जमिनीवर टॉवेल पसरून तो पायाच्या बोटांनी गोळा करायचा. हे शेवटचं बघून गुलाबरावांना हसू आलं, आणि पूर्णिमानं डोळे वटारले तसं ते गेलं.

मालिशीचं काम गुलाबरावांकडे आलं. आयुष्यभर नट-बोल्ट आवळलेला हात तो. पहिल्या दिवशी त्यांनी तळवा असा धरला की पूर्णिमा म्हणाली, अहो, ही बोगी नाही. त्यांनी माळ्यावरून काशाची वाटी काढली, आईच्या वेळची, आणि वाटीच्या बुडानं तळवा घासायला लागले. यामिनीला विचारलं तर ती म्हणाली, हलक्या हातानं चालेल, पण खरं काम अंगठ्याचं. हळूहळू त्यांचा अंगठा शहाणा झाला. पहिले काही दिवस ते मालिशीला बसायच्या आधी दार लावून घ्यायचे. बायकोचे पाय दाबताना कुणी बघितलं तर काय घ्या. मग एकदा शेजारचे अचानक आत आले आणि दात काढायला लागले, तेव्हा गुलाबराव वाटी हातात धरूनच म्हणाले, हे पाय दिवसभर उभे असतात, तुम्हाले काही काम होतं काय? त्यानंतर दार उघडंच राहायला लागलं.

फरक पडला. रविवारी बाजार बंद असायचा, सोमवारी सकाळी पहिलं पाऊल जवळजवळ न दुखता पडायचं. आणि सोमवारी संध्याकाळी सगळं मुसळ केरात. पुन्हा तीच कळ, पुन्हा तीच भिंत. महिना झाला, दीड झाला, गाडी तिथंच. यामिनी चक्रावली. व्यायाम करता का, करते. मालिश होते का, रोज. मग तिनं आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं. "दिवसभर पायांत काय असतं?"

"काही नाही," पूर्णिमा म्हणाली. "दुकानात चप्पल नाही घालत आम्ही."

यामिनीनं फरशी कसली ते विचारलं, किती वेळ उभ्या असता ते विचारलं. मग तिचा आवाज जरा कडक झाला. "काकू, मी इथं सांधते ते तुमची फरशी रोज संध्याकाळपर्यंत उसवून ठेवते. कडक जमिनीवर एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही. घरात नाही, दुकानात तर नाहीच. मऊ तळव्याची चप्पल नसेल तर माझ्याकडे येऊन उपयोग नाही." तशी चिठ्ठी लिहून देते म्हणाली. पूर्णिमानं नको सांगितलं. चिठ्ठी नेली की खोली ठरलेली.

तिनं चप्पल घेतली. जाड, मऊ तळव्याची, कोरी. रस्त्याला लावलीच नाही, पिशवीतून दुकानात नेली आणि सरळ अनिमेषसमोर गेली. लपवाछपवी आता पुरे. सगळं सांगितलं, टाच, पट्टा, फरशी. चप्पल बाहेर घालणार नाही, रोज पुसून आत आणीन, हेही सांगितलं. अनिमेषनं शांतपणे ऐकलं. मग अगदी गोड आवाजात तो म्हणाला की मौसी, आज तुम्हाला परवानगी दिली तर उद्या सगळ्या मागतील. स्टाफ चपला फटकारत फिरतोय हे बरं दिसत नाही. तुम्ही असं करा, मागच्या खोलीत बसा, मी चांगली खुर्ची आणतो. पगार तोच. शालूचं काउंटर आता ज्योती सांभाळेल.

ज्योती म्हणजे काउंटरवरची तरतरीत पोरगी. तिला साडी झटकायला, खांद्यावर टाकायला, गिऱ्हाइकाचा डोळा कुठल्या रंगावर अडकतो ते हेरायला पूर्णिमानंच शिकवलं होतं. शालूच्या काउंटरवर तिचा डोळा आहे हे सगळ्या बाजाराला माहीत होतं, आणि त्यात काही चूकही नव्हतं. अनिमेष बोलत होता तेव्हा ती थोड्या अंतरावर घड्या घालत उभी होती. तिनं मान वर केली नाही. पूर्णिमाला ते लागलं.

संध्याकाळी गुलाबराव तेल घेऊन बसले आणि म्हणाले, झालं ना मग, खुर्ची देते म्हणतो, पगार देते म्हणतो, आणखी काय पाह्यजे? पूर्णिमानं आपल्या आज्याची गोष्ट काढली. गुलाबरावांना ती माहीत होती, त्यांच्याही घरात तशीच एक होती. आज्याच्या गावात वरच्या आळीतून जाताना आपल्या लोकांनी वहाणा काढून हातात घ्यायच्या. आज्यानं एकदा नाही काढल्या. मार खाल्ला, पुन्हा घालून गेला, पुन्हा खाल्ला. शेवटी मारणाऱ्यांनाच कंटाळा आला.

"ते वेगळं होतं," गुलाबराव म्हणाले. "अनिमेष जात नाही काढून राहिला कोणाची. ज्योतीबी काढते चप्पल, तो काउंटरवरचा यादवबी काढते."

"मले समजते," पूर्णिमा म्हणाली. "मले सगळं समजते. विहारात मीच सगळ्यात आधी काढतो ना चप्पल? गादी होती तवा काढली, कधी तोंडातून शब्द काढला काय? तवा सगळेच काढत होते. आता एक बूट घालून हिंडते आन दुसऱ्यानं काढावं म्हणते. हे पायाले नाही समजत माह्या."

गुलाबरावांचा अंगठा टाचेवर थांबला होता. ते म्हणाले, नोकरी जाईन. ती म्हणाली, जाऊ दे, पण मी त्या खोलीत नाही जात. आणि एवढं बोलून तिला रडू आलं. कारण दुकान जाण्याच्या विचारानंच तिचा जीव कासावीस झाला होता. शालू उघडल्यावर नवरीच्या आईच्या चेहऱ्यावर जे येतं ते रोज बघायची तिला सवय झाली होती. ते सोडून जगता येईल, पण कशाला जगायचं, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती चप्पल घालून काउंटरवर उभी राहिली. पाय पहिल्यांदा त्या दगडावर सुखात होते. लगीनसराईचे दिवस, दुकान भरलेलं. राजनांदगावचं एक कुटुंब शालू बघायला आलं होतं, नवरी, आई, दोन मावश्या. पूर्णिमानं पाचवा का सहावा शालू झटकला, तेवढ्यात अनिमेष कडेला आला आणि खाली वाकून पुटपुटला, "मौसी, चप्पल."

तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं. तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं, चप्पल काढा नाहीतर मागे जा. मावश्यांनी माना वळवल्या. आणि तिथं, पंडरीच्या त्या थंडगार दुकानात, पूर्णिमाची तळपायाची आग मस्तकात गेली.

आवाज तिनं चढवला नाही. शालू हातातच होता. "भैया," ती म्हणाली, "गादी परत टाका. मी दारातच काढतो चप्पल. तुमी बूट काढा, या ताई काढतीन, आपण सगळे बसू. जिथं सगळे काढतीन तिथं मी पहिली. पण तुमी बूट घालून सांगान आन मी काढीन, ते होणार नाही. साड्या दुकानाच्या आहेत. टाच माही आहे."

अनिमेषच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं आपल्या पांढऱ्या बुटांकडे बघितलं, तसं नवरीच्या आईनंही बघितलं. मग तो दातांतून म्हणाला, "कल से मत आना."

"उद्याचं उद्या पाहू," पूर्णिमा म्हणाली आणि नवरीकडे वळून विचारलं, काठ रुंद पाह्यजे का बारीक? शालू विकला गेला. तोच, सगळ्यात भारी होता तो. त्या संध्याकाळी गुलाबरावांनी रोजच्यापेक्षा जास्त वेळ मालिश केली.

सकाळी ती बोटं ओढून, पोटरी ताणून, डबा घेऊन निघाली. रोजच्या वेळेला. जिना चढून आली तर शटर अर्धं वर होतं, ती वाकून आत शिरली आणि पिशवीतली चप्पल काढून घातली. शालूच्या काउंटरमागे ज्योती उभी होती. पूर्णिमाच्या जागेवर. अनवाणी. अनिमेषनं तिला तिथं उभं केलं होतं हे सांगायला नको. बाकीचे पाठ करून घड्या घालत होते, सगळ्यांना अचानक घड्यांचं फार काम लागलं होतं.

अनिमेष केबिनमधून बाहेर आला. "मौसी, मैंने कल बोला था."

लक्षात आहे, ती म्हणाली. "मले हात धरून बाहेर काढा, भैया. मी माह्या पायानं नाही जात."

मग ज्योती काउंटरमागून निघाली आणि पूर्णिमाच्या अंगावरून, तिच्याकडे न बघता, जिन्यानं खाली गेली. वॉचमनला बोलवायला गेली असं सगळ्यांना वाटलं. पूर्णिमालाही वाटलं. या पोरीला हाताला धरून साडी झटकायला शिकवलं, आणि ही पोट्टी आपल्याला बाहेर काढायला माणूस आणते, हा विचार तिच्या छातीत असा बसला की टाचेची कळ त्यापुढे काहीच नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. एकाच माणसाची, चपलांची. ज्योती वर आली ती खाली रॅकमध्ये काढून ठेवलेल्या आपल्या रस्त्यावरच्या चपला घालून, धुळीसकट. ग्रॅनाइटवरून चटक-चटक चालत ती आली आणि काउंटरमागे पुन्हा उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मेरी भी एड़ी दुखती है, भैया," ती म्हणाली. "दिवाली के पहले से."

पहले क्यों नहीं बोली, अनिमेषनं विचारलं.

"बोलती तो पीछे भेज देते."

पूर्णिमा तिच्याकडे बघत राहिली. इतके महिने ही पोरगी तिच्या हाताच्या अंतरावर उभी होती. हसून साड्या दाखवत होती, पळत जाऊन वरच्या फळीवरचा माल काढत होती, आणि तिला एकदाही दिसलं नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यातला रंग ओळखणाऱ्या बाईला दिसलं नाही.

"कोणत्या पायाची?" तिनं विचारलं.

"दोनों," ज्योती म्हणाली.

अनिमेष दोघींच्या पायांकडे बघत उभा होता. अर्ध्या शटरखालून बाहेर जिन्यापाशी थांबलेल्या गिऱ्हाइकांचे बूट-सँडल दिसत होते, आणि दुकानात घड्या घालणाऱ्यांचे हात थांबले होते. त्यानं वॉचमनला हाक मारून शटर पूर्ण वर करायला सांगितलं आणि चपलेचं नाव न काढता केबिनमध्ये निघून गेला. पूर्णिमा काउंटरमागे आली, ज्योतीला जरा सरक म्हणाली आणि तिच्या शेजारी उभी राहिली.